आपल्या ताटाचा हिशेब आपणच मांडला पाहिजे

दहावी-बारावीचे निकाल लागले की बीड जिल्ह्यातील वस्त्या-वस्त्यांमधून एकच प्रश्न विचारला जातो : आता पुढे काय? उत्तरेही ठरलेली असतात. मुलगा असेल तर पोलीस भरती किंवा सैन्य भरती. मुलगी असेल तर डी.एड. किंवा नर्सिंग, आणि तेही जमले नाही तर बी.ए.ला नाव टाकून स्थळाची वाट पाहणे. गुण बरे पडले तर पोटाला चिमटा घेऊन लातूरला 'नीट'च्या शिकवणीला पाठवायचे. तिथे वर्ष-दोन वर्षे काढून एम.बी.बी.एस. हुकले की पोर खचते आणि आई-बापही खचतात. आरोग्याचे क्षेत्र म्हणजे एकतर डॉक्टर नाहीतर नर्स, अशी आपल्या समाजाची पक्की समजूत झाली आहे. या दोघांच्या मध्ये आणखी डझनभर व्यवसाय उभे आहेत आणि त्यातला एक तर थेट आपल्या चुलीशी, आपल्या ताटाशी आणि आपल्या बायकांच्या रक्ताशी संबंधित आहे, याची आपल्याला गंधवार्ताही नाही. तो व्यवसाय म्हणजे आहारतज्ज्ञाचा आणि ते शास्त्र म्हणजे पोषणशास्त्र होय.

पोषणशास्त्र म्हटले की आपल्याकडे दोन चित्रे डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे शाळेतला गृहविज्ञानाचा तास, त्यात भरतकाम, विणकाम आणि पाककृती. दुसरे म्हणजे दूरचित्रवाणीवर येऊन वजन कमी करण्याचे उपाय सांगणाऱ्या शहरी बाई. ही दोन्ही चित्रे आपली नाहीत आणि ती पुरती खरीही नाहीत. विद्यापीठात हा विषय रीतसर शिकायचा म्हणजे शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्नविज्ञान, गरोदरपणातला व बालपणातला आहार, आजारपणातला आहारोपचार, सामुदायिक पोषण आणि संख्याशास्त्र एवढे सगळे शिकावे लागते. हे विज्ञान आहे. ज्या जिल्ह्यात या विज्ञानाची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच जिल्ह्यातील पददलितांची मुले-मुली त्यात दिसत नाहीत, हा खरा चिंतेचा विषय आहे.

बीड जिल्ह्याचे वास्तव

वास्तविक पाहता बीड जिल्ह्याला उपासमारीचा इतिहास नवीन नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. दुष्काळी कामावरची सुकडी आणि रेशनवरची अमेरिकन मिलो ज्वारी त्यांच्या आठवणीत आहे. तो दुष्काळ गेला, पण त्यामागून आलेला उसाचा कोयता गेला नाही. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी अशा तालुक्यांतून गाड्या भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. बौद्ध, मातंग, वंजारी, बंजारा, धनगर, मराठा अशा सर्व जातींतले भूमिहीन आणि कोरडवाहू लोक त्यात आहेत. पण ज्याच्या सातबाऱ्यावर काहीच नाही त्याला परत येऊन टेकायलाही जागा नसते, हे आपण जाणतो.

या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढून टाकली जात असल्याची बाब २०१९ मध्ये देशभर गाजली. विधिमंडळात आवाज उठला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागे एकीचे. त्यातल्या कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. या प्रश्नावर खासगी दवाखान्यांच्या नफेखोरीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. परंतु शस्त्रक्रियेच्या आधी आणि शस्त्रक्रियेनंतर त्या बाईच्या ताटात काय होते, याची चर्चा झाली नाही. अंगावरून जास्त जाणारी बाई रक्तक्षयाने आधीच खंगलेली असते. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले असतील तर अकाली पाळी जाते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. मग कंबर धरते, गुडघे धरतात, आणि तरीही मोळी उचलावीच लागते. त्या बाईला शस्त्रक्रियेनंतर किती कॅल्शियम लागेल, किती प्रथिने लागतील आणि ती तिच्या ऐपतीत कुठून मिळतील, हे सांगणारे कोणी तिच्यासमोर बसले होते काय?

पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते, म्हणजे ते वाढले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. राज्यातली ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत. पुरुषांमध्ये मात्र रक्तक्षयाचे प्रमाण २१.९ टक्के आहे. एकाच घरात, एकाच चुलीवर शिजलेल्या अन्नातून पुरुषापेक्षा बाईच्या वाट्याला अडीच पट रक्तक्षय येतो. याच पाहणीनुसार बीड जिल्ह्यात २० ते २४ वर्षांच्या दर १०० स्त्रियांपैकी जवळपास ४४ जणींचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेले होते. जिचे स्वतःचे अंग अजून भरलेले नाही तिच्या पोटात दुसरा जीव वाढतो. खुजी मुले कुठून येतात, हे कळण्यासाठी वेगळा आयोग नेमण्याची गरज नाही.

अज्ञान नव्हे, अन्याय

या आकड्यांवर बोलताना प्रस्थापितांचे एक ठरलेले वाक्य असते : या लोकांना आहाराचे ज्ञान नाही, यांच्यात जनजागृती केली पाहिजे. हे वाक्य तपासून पाहण्यासाठीच आपल्याला पोषणशास्त्र शिकायला हवे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. याच संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम बाजरीमध्ये सहा मिलिग्रॅमहून थोडे जास्त लोह आहे, ज्वारीत जवळपास चार. कष्टकरी बाई दिवसाला तीन-चार भाकरी खाते. कागदावर हिशेब मांडला तर बाजरी खाणाऱ्या बाईच्या पोटात बऱ्यापैकी लोह जाते. मग तिचे रक्त का कमी? कारण धान्यातल्या लोहाचा फार थोडा भाग शरीरात शोषला जातो. धान्यातील फायटेट त्याला अडवतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर तो आणखी अडतो. त्याच भाकरीबरोबर लिंबू, आवळा, हिरवी मिरची-कोथिंबीर असे क जीवनसत्त्व असेल किंवा मटकीला मोड आणलेले असतील तर शोषण वाढते. आणि मांसातले, कलेजीतले, रक्तीतले लोह धान्यातल्या लोहापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात शोषले जाते.

आता ऊसतोड बाईचा दिवस पाहा. ती पहाटे अंधारात उठते, कोपीसमोर तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापते, फडक्यात बांधते आणि फडात जाते. ऊस तोडून, मोळ्या बांधून मधल्या वेळी थंड भाकरी चटणीबरोबर खाते. आडोसा नाही म्हणून पाणी बेताने पिते. भूक मारायला चहा. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. एक दिवस अंगावर काढला नाही आणि घरी राहिली तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. या बाईला मोड आलेल्या मटकीचे महत्त्व माहीत नाही असे नाही. तिच्याकडे मटकी भिजत घालायला भांडे, झाकण, जागा आणि वेळ नाही. तिने आयुष्यभर मटकीला मोड आणलेले आहेत. तिच्या आजीनेही आणले आहेत. म्हणून हा अज्ञानाचा प्रश्न नाही. हा मजुरीचा, वेळेचा, पाण्याचा आणि जातीचा प्रश्न आहे. हे ठामपणे आणि पुराव्यानिशी सांगायचे असेल तर पोषणशास्त्राची भाषा ज्याच्या तोंडी आहे आणि कोपीतले आयुष्य ज्याच्या अंगवळणी पडले आहे, असा माणूस लागेल. आज हे दोन्ही एका माणसात सापडत नाही. सापडावे यासाठीच हा लेखनप्रपंच.

हे शास्त्र कोणाच्या स्वयंपाकघरात वाढले?

हा विषय आपल्यापर्यंत का आला नाही याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे. भारतातील पोषण संशोधनाची सुरुवात १९१८ मध्ये कुन्नूर येथे बेरीबेरीच्या चौकशीपासून झाली. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी सुरू केलेले ते छोटे केंद्र पुढे १९५८ मध्ये हैदराबादला गेले आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. महाविद्यालयांत मात्र हा विषय 'गृहविज्ञान' नावाने आला. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ मध्ये निघाले, बडोद्याच्या विद्यापीठात १९५० मध्ये गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली, मुंबईत निर्मला निकेतन १९५५ मध्ये आले. या संस्थांनी मोलाचे काम केले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या काळी या शिक्षणामागे जी गृहिणी गृहीत धरलेली होती तिला पक्के घर होते, ओटा होता, दूध-तूप होते आणि बहुधा हाताखाली मोलकरीणही होती. ती मोलकरीण कोणत्या जातीची होती आणि तिच्या घरी काय शिजत होते, हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता.

म्हणूनच संतुलित आहाराच्या तक्त्यात वरण, भात, भाजी, पोळी, दूध, ताक दिसते. आपल्या वस्तीत पिढ्यान्पिढ्या शिजलेले अन्न तिथे दिसत नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार आणि मांग समाजाची खाद्यसंस्कृती लिहून ठेवली. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेले. जे विद्यापीठांच्या अन्नविज्ञान विभागांनी अभ्यासायला हवे होते ते एका लेखकाला स्वतःच्या घराच्या आठवणीतून लिहावे लागले. त्या अन्नातल्या पदार्थांची प्रथिने, लोह, कॅल्शियम मोजण्याचे काम अजून आपल्या मुलामुलींची वाट पाहत आहे. वाळवलेल्या मांसाच्या चान्या किती काळ टिकतात, त्यात किती प्रथिने उरतात, रानातल्या पाथरीत, तांदुळजात, घोळीत काय आहे, हे प्रश्न एम.एस्सी.च्या आणि पीएच.डी.च्या प्रबंधाचे आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्यास सांगितले. तो स्वाभिमानाचा आदेश होता. गावाने फेकलेले खाणार नाही, असा त्याचा अर्थ होता. ताजे मांस, मासे, अंडी खाऊ नका असा तो आदेश नव्हता. आज मात्र कोणी काय खावे हे दुसरेच ठरवू पाहत आहेत. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूपर्यंत वाढवला गेला आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गेले. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठी वेगळा निधी देणार नाही, लोकसहभागातून द्या असे सांगून टाकले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. शासकीय शाळेत शिल्लक राहिलेली मुले आता बहुतांश कोणाची आहेत, हे सांगण्याची गरज नाही. अशा निर्णयाच्या वेळी समितीच्या टेबलाभोवती पोषणशास्त्र शिकलेला आणि स्वतः त्या शाळेच्या खिचडीवर वाढलेला एकही माणूस बसलेला नसेल तर अंडे ताटातून जाणारच.

बदललेला कायदा आणि आपली संधी

आतापर्यंत या व्यवसायाला कायद्याची चौकट नव्हती. भारतीय आहारतज्ज्ञ संघटना १९६३ पासून काम करते आणि तिची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षाही आहे, परंतु ती व्यवस्था ऐच्छिक होती. चार दिवसांचे प्रमाणपत्र घेतलेला माणूसही पाटी लावून बसत होता. २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात पोषणशास्त्राच्या व्यावसायिकांचा स्वतंत्र गट आहे. राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा आणि व्यावसायिकांची नोंदवही अशी या कायद्याची रचना आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणून मान्यता मिळवायची तर किमान ३,६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांत पूर्ण केलेले पदवी शिक्षण लागेल अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे हा व्यवसाय आता डॉक्टर-नर्स यांच्याप्रमाणे नोंदणीच्या दाराआड जात आहे. दार बसवले जात असतानाच आपण आत शिरलो नाही तर पुढची तीस वर्षे बाहेर उभे राहून विनंत्या करीत बसावे लागेल. वैद्यकीय शिक्षणात हेच घडले होते, हे विसरू नये.

याच ठिकाणी पालकांना सावधगिरीचा इशारा देणे आवश्यक आहे. आपल्यातील अनेक नोकरदार व विवाहित मुली दूरस्थ पद्धतीने आहारशास्त्राची पदवी किंवा पदविका घेत होत्या. गरिबाला तो एक आधार होता. परंतु या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये विद्यापीठांना बजावले आणि त्यात अन्न व पोषणशास्त्र तसेच चिकित्सालयीन पोषण व आहारशास्त्र हे विषय नावानिशी आहेत. त्यामुळे यापुढे कोणी घरबसल्या आहारतज्ज्ञाची पदवी देतो म्हणून पैसे मागितले तर त्याच्या दारातही उभे राहू नये. दुसरे म्हणजे, मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांत बी.ए.ला गृहविज्ञान हा ऐच्छिक विषय असतो. तो विषय वाईट नाही, पण तेवढ्यावर कोणी रुग्णालयात आहारतज्ज्ञ होत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी पदवीचे नेमके नाव काय, विद्यापीठ कोणते, रुग्णालयातील प्रशिक्षण आहे की नाही आणि अभ्यासक्रम आयोगाच्या चौकटीत बसतो की नाही, हे चार प्रश्न लेखी विचारावेत.

मार्ग कोणता? अकरावीला विज्ञान शाखा, त्यात रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र पक्के. त्यानंतर अन्न, पोषण व आहारशास्त्रातील नियमित बी.एस्सी. आपल्या शेजारी परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. तेथील गृहविज्ञान महाविद्यालय १९७६ पासून चालू आहे. आज ते सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणून ओळखले जाते आणि अन्न व पोषण हा तिथला एक विभाग आहे. याच विद्यापीठाने २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे जास्त लोह व जस्त असलेले ज्वारीचे वाण दिले. म्हणजे मराठवाड्याच्या भाकरीत लोह वाढवण्याचे संशोधन बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यात झाले. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ आहे, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत उपयोजित पोषणाची एम.एस्सी. आहे. ज्यांना नर्सिंगलाच जायचे आहे त्यांच्या अभ्यासक्रमातही पोषणशास्त्र हा विषय असतो. तो केवळ पास होण्यापुरता वाचू नये, एवढेच सांगणे.

शिकून नोकरी कुठे, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मोठ्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात. तीव्र कुपोषित बालकांसाठीच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत आहारतज्ज्ञाचे पद असते, पण राष्ट्रीय आरोग्य अभियानातली अशी पदे कंत्राटी असतात आणि मानधन तुटपुंजे असते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यातील पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी ही पदे पदवीधरांसाठी असतात आणि तिथे या शिक्षणाचा थेट उपयोग होतो. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजारांचे रुग्ण तालुक्याच्या गावांतही वाढत आहेत, त्यामुळे खासगी दवाखान्यांतही आहारतज्ज्ञ लागणार आहेत. महाविद्यालयात प्राध्यापकी आहे, संशोधन आहे. पहिल्या वर्षीच बंगला-गाडी देणारा हा धंदा नव्हे. पण सन्मानाने उभे राहता येईल असा व्यवसाय आहे आणि पदे भरण्यासाठी, कायम करण्यासाठी लढणे हा चळवळीचा भाग आहे. अंबाजोगाईला १९७० च्या दशकापासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. त्याच्याशी जोडून पोषणशास्त्राची पदवी बीड जिल्ह्यातच का सुरू होऊ नये? रुग्ण इथे आहेत, प्रश्न इथे आहेत, शिकणारी मुले इथे आहेत. ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

पैशाचा प्रश्न आणि कार्यकर्त्यांचे काम

पैशावाचून मुले मागे राहतात हे खरे आहे. तरीही जे आहे त्याची माहिती घरोघरी गेली पाहिजे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवण्यासाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शहरानुसार तिची रक्कम बदलते आणि मोठ्या शहरात ती वर्षाला ६० हजारांपर्यंत जाते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याचा निर्णय शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने घेतला. या योजनांचे पैसे वेळेवर येत नाहीत, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. मेसचे बिल थकले की मुलगी गावी परत येते आणि परत आलेल्या मुलीचे लग्न उरकले जाते. म्हणून शिष्यवृत्ती उशिरा येणे ही कारकुनी दिरंगाई नसून एका मुलीच्या शिक्षणाचा आणि शरीराचा बळी आहे, असे समजून समाजकल्याण कार्यालयावर मोर्चे निघाले पाहिजेत.

आपल्या चळवळीला भुकेचा आणि आरोग्याचा प्रश्न नवीन नाही. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालवला. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाईंनी प्राण दिला. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात तो कायदा झाला. त्यानंतर शंभर वर्षे होत आली, तरी उसाच्या फडातली बाई भरल्या दिवसांत मोळी उचलते. तिला बाळंतपणाची रजा नाही, मजुरीचा दाखला नाही आणि पोषण आहार ज्या अंगणवाडीतून मिळायचा ती अंगणवाडी शेकडो किलोमीटर मागे गावात राहिलेली असते. बाबासाहेबांनी कायदा आणि अर्थशास्त्र शिकून कामगारांचे प्रश्न विधिमंडळात मांडले. त्यांच्या नावाच्या मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत बीड जिल्हा येतो. १४ जानेवारी १९९४ रोजी त्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो किती बलिदानांनंतर, हे नव्याने सांगायला नको. ते नाव प्रमाणपत्रावर छापून घेण्यात समाधान मानायचे, की त्या विद्यापीठाकडून आपल्या माणसांच्या भुकेचा अभ्यास करून घ्यायचा, हा निर्णय आता आपल्याला करायचा आहे.

एक पोषणतज्ज्ञ झाल्याने मजुरी वाढणार नाही, मुकादमाची उचल फिटणार नाही. ज्याच्या घरी दूध नाही त्याला 'रोज एक पेला दूध घ्या' असे लिहून देणे ही थट्टाच होय. पण आपल्यातून शिकलेली मुलगी तसे लिहून देणार नाही. ती आधी विचारेल की कोयता किती महिन्यांचा, कोपीत चूल कशी, पाणी किती लांब, रेशन कोणत्या गावात. ती शेंगदाणा, तीळ, हरभरा, अंडे, कलेजी, पालेभाजी यांचा बाजारभाव जोडून बसेल असे पथ्य सांगेल, आणि जिथे कोणतेच पथ्य बसत नाही तिथे अहवालात स्पष्ट लिहील की या बाईला गोळीची नव्हे, मजुरीवाढीची गरज आहे. असा एक सही-शिक्क्याचा अहवाल शंभर घोषणांइतका उपयोगी पडतो. सरकारला घोषणेकडे कानाडोळा करता येतो, नोंदणीकृत व्यावसायिकाच्या कागदाकडे तेवढ्या सहज करता येत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी एवढे करावे. येत्या जयंतीच्या वर्गणीतून आपल्या गावातल्या अकरावी विज्ञानाच्या एका मुलीची पुस्तके घ्यावीत. बुद्धविहारात रविवारी नुसती वंदना न घेता एक तास या अभ्यासक्रमांची, शिष्यवृत्तीची आणि अर्जाच्या तारखांची माहिती द्यावी. नीट हुकलेल्या मुलामुलींना घरी बोलावून सांगावे की आरोग्यक्षेत्राचे दार बंद झालेले नाही, शेजारचे दार उघडे आहे. आणि आई-बापांनी मुलीच्या लग्नासाठी उचल घेण्याऐवजी तिच्या पदवीपर्यंत थांबावे. हजारो वर्षे दुसऱ्यांनी आपल्या ताटात काय पडावे हे ठरवले. ते ठरवण्याचे शास्त्र आता विद्यापीठात शिकायला मिळते. ते शिकून आपल्या ताटाचा हिशेब आपणच मांडला पाहिजे.

जय भीम!